पेवाच्या तोंडाएवढा उजेड

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी वृद्धोपचार विभागाच्या वतीने आयोजित केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विश्वस्त मंडळाने मला बोलावयास सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपविला. निवृत्त वैद्याला विषयाची मोकळीक देणे धोक्याचे असते, कारण तो स्वतःच्या यशस्वी रुग्णांच्या कथा सांगू लागतो. मी आज आपणांस सांगणार आहे ती एका अशा रुग्णाची हकिकत, ज्याच्याबाबतीत मी अकरा वर्षे चुकत होतो. तो रुग्ण आता हयात नाही. त्याच्या कुटुंबाची अनुमती घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. तेवढे पथ्य पाळून बोलतो.

आपल्या जिल्ह्यातील ज्येष्ठांना एका गोष्टीचे स्मरण देण्याची आवश्यकता नाही, परंतु समोर तरुण परिचारिका बसल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, जालना झाला नाही. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुका होता आणि औरंगाबाद निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होते. पुढचे तेरा महिने कासीम रझवीच्या रझाकारांनी संस्थानातील खेड्यापाड्यांत जो उच्छाद मांडला, त्याच्या कथा आपण आपल्या आजीआजोबांकडून ऐकलेल्या आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, पहिल्या दोनतीन दिवसांतच औरंगाबाद आणि जालना त्याच्या ताब्यात आले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. या साऱ्यास आपण ‘पोलीस कारवाई’ म्हणतो. रणगाडे आणि विमाने घेऊन कोणते पोलीस फिरतात, हा प्रश्न मला शाळेत असताना पडत असे. सांगण्याचा हेतू इतकाच की, कागदावर ते युद्ध नव्हते. ज्यांच्या दारावरून ते गेले त्यांच्यासाठी ते युद्धच होते. मात्र युद्ध न म्हटल्यामुळे त्यात जखमी झालेल्यांची कोणी मोजदादही केली नाही. मनाने जखमी झालेल्यांची तर नाहीच.

माझे रुग्ण, त्यांना आपण आबा म्हणू, २००६ साली प्रथम माझ्याकडे आले. वय सदुसष्टच्या आसपास, पूर्णेच्या काठच्या एका गावचे शेतकरी, अंगाने काटक. तक्रार एकच, झोप येत नाही. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, चहा कमी करावयास सांगितले आणि झोपेची गोळी लिहून दिली. ते दर दोनतीन महिन्यांनी येत, मी गोळी लिहून देई. कधी मात्रा वाढवी, कधी गोळी बदली. मुलगा एकदा सहज म्हणाला की, आबा थंडीतसुद्धा घरात झोपत नाहीत, ओसरीवर झोपतात, आणि घरातील एकाही खोलीचे दार त्यांना लावलेले चालत नाही. मी ऐकले आणि सोडून दिले. शेतकऱ्याला मोकळ्यावर झोपण्याची सवय असते, असे माझे मत होते.

२०१७ साली त्यांच्या पायांतील शक्ती कमी होऊ लागली. मणक्यात नस दबली असावी असा संशय होता, म्हणून एमआरआय करण्यास पाठविले. ज्यांनी ते यंत्र पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, रुग्णाला एका अरुंद गोल बोगद्यात सरकविले जाते आणि आत ठोकल्यासारखा मोठा आवाज होत राहतो. आबांना टेबलावर निजविले, टेबल आत सरकले, आणि हा सौम्य प्रकृतीचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस ओरडत, तंत्रज्ञाच्या हाताला चावा घेऊन, जमिनीवर कोसळला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा त्या खोलीच्या दारातूनच ते मागे फिरले. मी त्यांच्या केसपेपरवर लिहिले : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ ते अक्षर माझेच आहे आणि तो कागद मी जपून ठेवला आहे.

पुढे काही दिवस ते आपल्या वॉर्डात दाखल होते. त्यांची नात शाळेतून परस्पर दवाखान्यात येई. तिची चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती आजोबांच्या खाटेवर बसून सराव करीत असे. एके दिवशी सकाळच्या फेरीला मी गेलो तेव्हा तिच्या वहीचे एक पान काळ्या तेलखडूने संपूर्ण रंगविलेले दिसले. एवढे काळे की खडू संपला होता. वरच्या बाजूला मध्यभागी कागद तसाच कोरा सोडला होता, आणि तो कोरा भाग गोल होता. नात रडवेली झाली होती, कारण काळा खडू परीक्षेला लागणार होता. मी आबांना विचारले, हे काय? ते म्हणाले, “पेव हाये.”

शहरातील मंडळींनी पेव पाहिले नसेल. ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खोदलेले कोठार ते. तोंड लहान, माणूस जेमतेम उतरेल एवढे, आणि आत पोट मोठे. धान्य भरून तोंड बंद करावयाचे. उघडल्यावर कोणी एकदम आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या धान्यामुळे आत विषारी हवा साचते. आधी दोरीला बांधून पेटता दिवा सोडीत. दिवा विझला तर उतरावयाचे नाही. हे शास्त्र आपल्या निरक्षर पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

आबांनी त्या आठवड्यात पाच चित्रे काढली. पाचही पेवाचीच. पहिल्यात फक्त काळोख आणि वरचा गोल. दुसऱ्यात तळाशी एक आकृती, पोरगा उभा. तिसरे दुसऱ्यासारखेच, फक्त गोलाच्या कडेला रेघा, त्या म्हणजे माणसांचे पाय. चौथ्यात पोराच्या शेजारी, गुडघ्याखाली, एक आणखी लहान आकृती. पाचव्यात पोराचा एक हात त्या लहान आकृतीच्या तोंडावर.

मी काही विचारले नाही. खरे सांगावयाचे तर, विचारण्याचे धैर्य झाले नाही. पाचवे चित्र दिले तेव्हा ते आपण होऊन बोलले.

१९४८ चा उन्हाळा. गावावर रझाकार आल्याची आवई उठली. या वेळी ती आवई नव्हती. आईने नऊ वर्षांच्या या मुलाला आणि चार वर्षांच्या बहिणीला परड्यातील पेवात सोडले. नवी ज्वारी अजून भरावयाची होती, तळाला जुन्या दाण्यांचा कुजका थर होता. आईने तोंडावर काटक्या टाकल्या आणि ती शेजारच्या गंजीमागे लपली. वर माणसे फिरत होती. बहीण रडू लागली. भावाने तिचे तोंड दाबून धरले. किती वेळ, ते त्यांना सांगता येईना. पुढे ती रडावयाची थांबली. मध्यरात्रीनंतर आईने दोघांना वर काढले, तेव्हा ती जिवंत नव्हती. त्याच रात्री आई मुलाला घेऊन वऱ्हाडच्या हद्दीकडे, देऊळगाव राजाच्या वाटेने चालत गेली. तिने पुढे उभ्या हयातीत त्या रात्रीविषयी एक शब्द काढला नाही. तिच्या त्या मौनाचा अर्थ मुलाने असा लावला की, आईला सर्व ठाऊक आहे. एकोणसत्तर वर्षे हा माणूस असे समजून जगला की, बहिणीला आपण मारले. बायकोला सांगितले नाही, मुलांना सांगितले नाही. सांगितले ते तेलखडूने, आणि तेही नातीच्या वहीत.

“तिचं तोंड म्या दाबून धरलं व्हतं, डाक्टरसाहेब,” एवढेच वाक्य ते पुनःपुन्हा म्हणत राहिले.

आता मी वैद्य आहे, आणि येथे मला वैद्य म्हणून काही सांगता येण्यासारखे होते. कुजणाऱ्या धान्यातून निघणारा कर्बवायू हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साचतो. नऊ वर्षांचा मुलगा पेवाच्या तोंडाखाली उभा होता, चार वर्षांची मुलगी तळाला बसलेली होती. ज्या थरातील हवा ती घेत होती, त्या थरात दिवा विझला असता. तिचा मृत्यू हाताने झाला नसून हवेने झाला असण्याचा संभव पुष्कळ आहे. मी त्यांना हे सर्व सावकाश, दोनदा समजावून सांगितले. खात्रीने सांगतो असे मात्र म्हटले नाही, कारण तशी खात्री मला नव्हती आणि आजही नाही. त्यांना त्या वयात खोटा दिलासा देणे मला प्रशस्त वाटले नाही.

ते बराच वेळ चित्राकडे पाहत बसले. मग म्हणाले, “मंग आदी दिवा सोडून बघाया पाह्यजे व्हता.”

मला वाटले होते की त्यांची सुटका होईल. तसे काही झाले नाही. परंतु एवढा फरक पडला की, त्या वाक्यात प्रथमच दोष त्यांच्या हातावरून उठून दुसरीकडे, दिव्यावर गेला.

बंधुभगिनींनो, हा अनुभव घेतल्यावर मी वाचावयास लागलो. म्हातारपणी वाचन करण्याची ही एक सोय असते की परीक्षा द्यावी लागत नाही. मला कळले ते असे. मोठ्या आघाताचे व्रण वर्षानुवर्षे मनात राहतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारात वेडावलेल्या सैनिकांना डॉक्टरांनी आधी ‘गोळ्यांचा हादरा’ असे नाव दिले, आणि पुष्कळांना भ्याड ठरविले गेले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत ग्रंथात या आघातोत्तर विकाराला स्वतंत्र स्थान दिले ते १९८० साली, व्हिएतनामचे युद्ध संपून गेल्यावर. आणि वार्धक्याचे म्हणाल तर, उमेदीच्या वर्षांत जी माणसे कामाच्या रगाड्यात स्मृती दाबून ठेवतात, त्यांचे हातपाय थकले, जोडीदार गेला, मेंदूची पकड सैल होऊ लागली की दाबलेले वर येते. आपल्या वॉर्डात रात्री उठून खिडक्या तपासणारे, खाटेखाली लपणारे वृद्ध आपण पाहतो. आपण त्याला केवळ वाताचा झटका किंवा स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होतो. काही वेळा ते तसेही असते. परंतु ते कोणापासून लपत आहेत, हे नातेवाइकांना एकदा विचारून पाहावे.

चित्राचा आणि रुग्णालयाचा संबंध तसा जुना आहे. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयरोग होऊन आरोग्यधामात पडून होता. खाटेवर तो चित्रे काढू लागला, मग शेजारच्या खाटांवरील रुग्णांना काढावयास लावू लागला, त्यांत युद्धातून परतलेले सैनिकही आले. ‘कलोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने १९४२ मध्ये रूढ केला. पण मला सर्वांत जवळचा वाटला तो एक जपानी गृहस्थ. त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

१९७४ सालच्या मे महिन्यात हिरोशिमा येथील सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या कार्यालयात इवाकिची कोबायाशी नावाचे सत्त्याहत्तर वर्षांचे एक वृद्ध एक चित्र घेऊन आले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, त्या दुपारी एका पुलाजवळ त्यांनी जे पाहिले होते ते त्या चित्रात होते. ते चित्रकार नव्हते. त्या घटनेला तेव्हा जवळजवळ एकोणतीस वर्षे होत आली होती. कार्यालयातील मंडळींनी ते चित्र दाखवून लोकांना आवाहन केले की, आपणांस आठवते ते काढून पाठवा. काही महिन्यांत हजाराच्या आसपास चित्रे जमली. बहुतेक काढणारे वयस्क, हातात पेन्सिल कित्येक वर्षांत न धरलेले. कोणी शाळकरी मुलांचे खडू वापरले, कोणी दिनदर्शिकेची पाठ वापरली, कोणी जाहिरातीच्या कागदाची. चित्र अपुरे वाटले तेथे त्यांनी चित्रातच शब्द लिहिले, अमुक ठिकाणी, अमुक वाजता, ही माझी अमुक. २००२ साली पुन्हा असेच आवाहन झाले, तेव्हाही शेकड्यांनी चित्रे आली. म्हणजे सत्तावन्न वर्षांनीही सांगावयाचे शिल्लक होतेच. ही चित्रे आज तेथील शांतता स्मारक संग्रहालयात आहेत.

मला यात विशेष वाटते ते हे की, या लोकांना कोणी ‘बोला’ असे म्हटले नव्हते. बोलताना क्रम लावावा लागतो, आधी काय, नंतर काय. चित्रात सर्व एकदम असते, जसे ते मनात असते. आबांनी पाच दिवस एकच चित्र काढले आणि दर दिवशी त्यात एक वस्तू वाढविली. तोंडाने सांगताना एवढा अवधी त्यांना कोणी दिला असता? मी तर नसताच दिला. माझ्या बाह्यरुग्ण विभागात बाहेर चाळीस माणसे बसलेली असत.

आपल्याकडेही असे दाखले आहेत. तैयब मेहता मोठे चित्रकार, मुंबईचे, जे. जे. कलाशाळेत शिकलेले. १९४७ च्या दंगलीत ते बावीस वर्षांचे होते. महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाने एका तरुणाला ठार मारताना पाहिले. त्यांना ताप भरला. ते दृश्य पुढे जन्मभर त्यांच्यामागे लागले, असे त्यांनीच सांगितलेले आहे. चित्रात ते सरळ उतरले नाही. आधी पाय बांधलेला कत्तलखान्यातील बैल आला, १९६५ च्या सुमारास कोसळणारा माणूस आला, आणि वयाच्या सत्तरीच्या जवळपास देवीशी झुंजणारा महिषासुर आला. २००९ साली ते वारले, तोपर्यंत त्यांची माणसे पडतच होती. त्यांच्या एका चित्राला २००२ मध्ये लिलावात दीड कोट रुपये आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकमेविषयीच लिहिले. खिडकीविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

दुसरे भीष्म साहनी. ते रावळपिंडीचे, आणि १९४७ च्या दंग्यात मदत समितीचे काम करताना त्यांनी उद्ध्वस्त गावांचे आकडे गोळा केले होते. त्यांवर ते तेवीस वर्षे काही लिहू शकले नाहीत. १९७० साली आपल्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत दंगल झाली. बंधू बलराज साहनी यांच्यासोबत ते तेथे गेले. जळालेली घरे आणि ओस गल्ल्या पाहताना त्यांना रावळपिंडी दिसू लागली. परत जाऊन, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘तमस’ लिहावयास घेतली. हिंदीतील या कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांनी ती वाचली नाही त्यांनी गोविंद निहलानींची दूरदर्शनवरील मालिका १९८८ साली नक्की पाहिली असेल. एका गावाची जखम दुसऱ्या गावात उघडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या मराठवाड्यात लेखन झाले नाही असे नव्हे. स्वामी रामानंद तीर्थांनी आठवणी लिहिल्या. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांनी स्वतः लढ्यात भाग घेतला, तुरुंग भोगला, आणि वयाच्या सत्तरीकडे झुकल्यावर १९८७ मध्ये हैद्राबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्या शौर्याची आठवण दरवर्षी १७ सप्टेंबरला निघते, ते योग्यच आहे. पण हे लढणाऱ्यांचे झाले. पेवात लपलेल्यांनी कोठे सांगावे? त्यांच्या हातून पराक्रम घडला नव्हता, आणि पराक्रम नसेल तर आपल्याकडे भाषणाला बोलावीत नाहीत.

येथवर बोललो ते सोपे होते. यापुढचे सांगावे की न सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला.

आबांचे पहिले चित्र, ज्यात केवळ काळोख आणि उजेडाचा गोल आहे, ते मी त्यांच्या संमतीने माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर लावले होते. “ठिवायचं तर ठिवा, पर नाव टाकू नगा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. तेथे बाकावर बसून वाट पाहणाऱ्या रुग्णांत मधुमेहासाठी नियमित येणारी एक मुस्लिम वृद्धा होती. परिचारिका तिला नानी म्हणत. तिने ते चित्र पाहून सिस्टरना विचारले, हे काय आहे? सिस्टरने सांगितले, पेव आहे, रझाकारांच्या वेळचे. नानी काही बोलली नाही. माझ्यासमोर आल्यावर, मी साखरेचा कागद वाचत असताना, ती दख्खनीत म्हणाली, “हमारे कने पेव नहीं था, डाक्टरसाब. बावड़ी थी.”

बारव होती. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत तिच्या घरातील दोन बायका त्या विहिरीत गेल्या. कोणी ढकलले, की त्या भयाने स्वतः गेल्या, ते तिने सांगितले नाही. तेव्हा ती सहासात वर्षांची होती. घरातील पुरुषांविषयीही ती काही बोलली नाही.

ही बाजू आपण आपल्या भाषणांत सांगत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानातील जिल्हे फिरून अहवाल दिला. त्यात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद आहे, आणि पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्या लोकांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाजही आहे. बळी बहुतांशी मुसलमान होते. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना जिवाच्या जोखमीवर लपविल्याच्या हकिकतीही त्यात आहेत. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी केले ते यामुळे कमी होत नाही, आणि त्यांनी केले म्हणून हे क्षम्य ठरत नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे की, आबा आणि नानी एकाच बाकावर, एकाच वर्षाची जखम घेऊन, एकाच गोळीच्या चिठ्ठीसाठी बसत होते, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या मला काही ठाऊक नव्हते.

ते चित्र पुढे महिनाभरच राहिले. गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मला भेटून सांगितले की, दवाखान्यात असल्या जुन्या गोष्टी कशाला, उगाच तेढ वाढेल, दोन्हीकडून लोक विचारतील. ते वाईट हेतूने बोलले नव्हते. मी चित्र उतरविले. ते भित्रेपणाने उतरविले की शहाणपणाने, हे मला आजही ठरविता आलेले नाही. नानी पुढल्या खेपेस आली तेव्हा तिने त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिले आणि काही विचारले नाही. त्यानंतर ती त्या विषयावर माझ्याशी कधीही बोलली नाही.

आबा आणखी तीन वर्षे जगले. एमआरआय त्यांनी शेवटपर्यंत करून घेतला नाही. त्यामुळे उपचार अपुरे राहिले आणि शेवटी शेवटी चालणे बंद झाले. चित्र काढल्याने रोग बरा होतो, असा समज येथून कोणी घेऊन जाऊ नये. तशी ग्वाही देण्याइतका पुरावा शास्त्राकडेही नाही. झोपेची गोळी मात्र निम्म्यावर आली, आणि शेवटचे दोन हिवाळे ते घरात झोपले, दार उघडे ठेवून. त्यांच्या पश्चात नात ती चित्रे मागावयास आली. पाचही तिला देऊन टाकली, ती तिचीच वही होती.

मराठवाड्याच्या मुक्तीला २०२३ साली पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी नऊ वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हातात वेळ थोडा आहे. म्हणून विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने वृद्धोपचार विभागात दर गुरुवारी दुपारी आम्ही एक मेज मांडतो. त्यावर कागद, तेलखडू, पेन्सिली. कोणी शिकवीत नाही. काय काढले, असे विचारावयाचे नाही, असा परिचारिकांना नियम आहे. सक्तीने, एका बैठकीत सर्व काही बोलावयास लावल्याने लाभ होत नाही, काहींना अपायच होतो, हे आता अभ्यासाने सिद्ध झाले आहे. कोणी अस्वस्थ झाले तर मनोविकारतज्ज्ञ त्या दिवशी हजर असतात. पुष्कळजण बैल काढतात. एक आजोबा केवळ रेघा ओढतात, त्या त्यांना आवडतात. काहीजण चहा घेऊन जातात, कागदाला हात लावीत नाहीत. बायका सुरुवातीस येत नसत. कोणी त्यांना सुईदोरा आणि चिंध्या दिल्यावर येऊ लागल्या. जात्यावरच्या ओवीत आमच्या बायाबापड्यांनी काय काय सांगून ठेवले आहे, ते गी पॉइट्विन आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या लाखभर ओव्यांवरून दिसते. गोधडी शिवतानाही त्या तशाच गुणगुणतात. आम्ही ऐकतो, लिहून मात्र घेत नाही.

एमआरआयला पाठविताना आता आम्ही रुग्णाला आधी विचारतो की, बंद जागेचे भय वाटते का, आणि कधीपासून. हा प्रश्न छापील अर्जात नव्हता. तो पेनाने लिहिला जातो.

देणगीदारांना एक विनंती करून थांबतो. रोख देणगी स्वागतार्ह आहेच, त्याची पावती कार्यालयात मिळेल. परंतु गुरुवारच्या मेजासाठी कागद सारखा कमी पडतो. एका बाजूने कोरा असलेला कोणताही कागद चालतो. जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका पाठवाव्यात, मात्र ‘कालनिर्णय’ची पाठ छापील असते, ती उपयोगी नाही. आणि काळे तेलखडू जरा जास्त द्यावेत, ते सर्वांत लवकर संपतात.